रस्त्याच्या पोटात

(दृश्य: रात्रीची वेळ. वाहतुकीसाठी बंद केलेला मुख्य रस्ता, बॅरिकेडची रांग, डांबर कापणाऱ्या यंत्राचा दिवा.)

रात्री उशिरा वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवली जाते आणि डांबरावर कटरची पहिली सरळ रेघ उमटते. दिवसभर ज्या रस्त्यावरून चाके धावली, तो पुढच्या काही तासांत चराच्या रूपाने उघडा पडणार आहे. वाढत्या शहरात हे दृश्य इतके नेहमीचे झाले आहे की त्याकडे आपण केवळ अडथळा म्हणून पाहतो. नव्या इमारतींचे मजले आपण मोजतो आणि उड्डाणपुलाचे किती खांब उभे राहिले हे येता-जाता एकमेकांना सांगतो. परंतु त्या मजल्यांपर्यंत पाणी कसे पोहोचणार आणि वापरलेले पाणी तेथून कोठे जाणार, याचा निर्णय या चरात होत असतो.

(दृश्य: चराची उभी बाजू. कॅमेरा वरून हळूहळू खाली सरकतो.)

चराची ही बाजू सावकाश पाहावी. सर्वांत वर डांबराचे थर एकावर एक चढलेले आहेत आणि ते मोजले, तर हा रस्ता किती वेळा नव्याने केला गेला याचा अंदाज येतो. त्यांच्या खाली खडी आणि मुरूम आहे. आणखी थोडे खाली गेल्यावर विजेच्या आणि दूरध्वनीच्या केबल दिसतात आणि त्यांच्या शेजारी, अलीकडच्या काळात टाकलेल्या, ऑप्टिकल फायबरच्या रंगीत नळ्यांचा जुडगा आहे. त्यानंतर पिण्याच्या पाण्याची वाहिनी येते. तिच्यातील पाणी दाबाने वाहत असल्यामुळे ती चढ चढू शकते आणि वाटेत अडथळा आला, तर तिला वळसा घालून नेता येते.

सर्वांत खाली असलेल्या मलवाहिनीला आणि पर्जन्यजलवाहिनीला ही सवलत नाही. त्यांच्यातील पाणी केवळ उताराने वाहते, आणि उतार कमी पडला की त्याचा वेग मंदावून गाळ तळाशी बसू लागतो. तळ स्वतःच धुतला जावा यासाठी मलवाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला निदान 0.6 मीटरच्या आसपास राहावा, असे अभियंते धरून चालतात. त्यासाठी 300 मीटरला 1 मीटर असा उतार दिला, तर सपाट रस्त्यावरून जाणारी वाहिनी एका किलोमीटरनंतर सुरुवातीपेक्षा तीन मीटरहून अधिक खोल गेलेली असते. म्हणूनच रस्त्याच्या एका टोकाला कमरेएवढ्या खड्ड्यात होणारे काम दुसऱ्या टोकाला शिडी लावून, बाजूंना लोखंडी पत्र्यांचा आधार देऊन करावे लागते. वाटेत दुसऱ्या कोणाची केबल आडवी आली, तर बाजूला केबलनेच व्हावे लागते, कारण मलवाहिनी हातभर वर उचलली की मागच्या सगळ्या लांबीचा उतार बिघडतो.

(दृश्य: चाचणी खड्डा. कुदळीने जपून खोदणारे कामगार. काठावर जुना नकाशा पसरून उभा असलेला अभियंता.)

यंत्र थांबले आहे आणि पुढचे खोदकाम हाताने सुरू झाले आहे. याला चाचणी खड्डा म्हणतात. नकाशाप्रमाणे येथे एकच जलवाहिनी असायला हवी. नकाशावर तिची जागा ‘रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर’ अशी नोंदवलेली आहे; मात्र नकाशा काढला गेला त्या वेळची कड आता अस्तित्वात नाही. त्यानंतर रस्ता रुंद झाला, पदपथ मागे सरकला आणि ज्या कुंपणभिंतीपासून मोजमाप घेतले होते, ती भिंतही पाडली गेली. वाहिनी मात्र जागची हललेली नाही. जुन्या नोंदी खोट्या असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्या ज्या खुणांच्या आधारे लिहिल्या गेल्या, त्या खुणा शहराने पुसून टाकलेल्या असतात.

(दृश्य: रडारची चाकांवरची पेटी ढकलत नेणारा तंत्रज्ञ. पडद्यावर कमानीसारख्या रेषा.)

जमिनीत न खोदता डोकावण्याची साधने आता हाताशी आहेत. ही पेटी रेडिओ लहरी जमिनीत सोडते. खाली वस्तू असेल, तर लहरी परत फिरतात आणि पडद्यावर अशी कमान उमटते. धातूची वाहिनी किंवा चालू वीजकेबल शोधण्यासाठी विद्युतचुंबकीय लोकेटर वापरला जातो. तरीही ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी लवकर विरतात आणि भाजलेल्या मातीचा जुना पाइप लोकेटरला दिसतच नाही. कुदळीची गरज म्हणूनच संपलेली नाही.

आणि आत्ता कुदळीखाली जे आले आहे, ते कोणत्याही नकाशावर नाही. चकाकत्या मुलाम्याचा, भाजक्या मातीचा, वीतभर व्यासाचा हा पाइप चराला तिरका छेदून जातो. तो कोरडा आहे की अजून कोणाच्या तरी घराचे पाणी वाहून नेतो, हे वरून सांगता येत नाही. काम थांबते आणि फोन सुरू होतात.

(दृश्य: लंडनची जुनी चित्रे. नदीकाठ, विटांच्या बोगद्यात उभे असलेले कामगार.)

शहराने आपल्या पोटाकडे गांभीर्याने पाहण्याची सुरुवात दुर्गंधीमुळे झाली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीचा वास इतका असह्य झाला की काठावरच्या संसदेचे कामकाज चालवणे अवघड बनले. त्याच्या चार वर्षे आधी, 1854 मध्ये, डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंचा संबंध ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या एका पंपाशी जोडून दाखवला होता. रोग दूषित हवेतून पसरतो, हाच समज तरीही प्रबळ होता. त्यामुळे आरोग्याच्या कारणासाठी जे पैसे मिळत नव्हते, ते वासामुळे मिळाले. संसदेने घाईने कायदा केला आणि अभियंता जोसेफ बाझलजेट यांची योजना मार्गी लागली.

त्यांनी केलेली मांडणी आजही शिकवली जाते. नदीकडे धावणारी गटारे नदीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवायची आणि नदीला समांतर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांतून सगळे सांडपाणी शहराच्या पूर्वेला, खालच्या अंगाला न्यायचे, असा तिचा गाभा होता. या मुख्य वाहिन्यांची लांबी 82 मैल, म्हणजे सुमारे 132 किलोमीटर होती. अनेक वाहिन्यांचा छेद अंड्यासारखा ठेवला होता, निमुळती बाजू खाली. त्यामुळे पाणी थोडे असले, तरी ते अरुंद तळातून वेगाने जाते आणि गाळ बसत नाही. मघाशी ज्या वेगाचा उल्लेख आला, त्याचेच हे विटांत बांधलेले उत्तर आहे.

(दृश्य: व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचा छेद दाखवणारे जुने कोरीव चित्र. कॅमेरा एकेका भागावर थांबतो.)

या चित्रावर आम्ही मुद्दाम थोडे अधिक थांबणार आहोत. 1870 मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचा, म्हणजे थेम्सच्या काठी बांधलेल्या बंधाऱ्याचा, हा छेद आहे. वर रस्ता, झाडे आणि फिरायला आलेली माणसे आहेत. रस्त्याखाली पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्यांसाठी माणसाला चालता येईल असा मार्ग आहे, त्याच्याखाली मलवाहिनी आहे आणि बाजूने भुयारी रेल्वे जाते. चार वेगवेगळ्या गरजा एकाच वेळी, एकाच कागदावर मांडल्या गेल्या आणि मग बांधकाम झाले. रस्ता आधी करायचा, नंतर पाण्यासाठी फोडायचा, पुढच्या वर्षी केबलसाठी पुन्हा फोडायचा, हा क्रम अपरिहार्य नाही, याचा इतका जुना पुरावा उपलब्ध आहे.

पॅरिसमध्ये त्याच सुमारास यूजीन बेल्ग्रां यांनी भुयारी गटारांचे प्रशस्त मार्ग बांधले आणि त्याच मार्गांतून पाण्याच्या वाहिन्याही नेल्या. तेथे खाली उतरल्यावर भिंतीवर वरच्या रस्त्याच्या नावाची पाटी दिसते, त्यामुळे आपण शहरात नेमके कोठे आहोत हे जमिनीखालीही कळते. ही बाब अगदी साधी आहे. आमच्या चाचणी खड्ड्याच्या काठावर उभे राहिल्यावर मात्र तिचे मोल ध्यानात येते. जपानने 1963 मध्ये अशा सामाईक भुयारी मार्गांसाठी स्वतंत्र कायदाच केला.

(दृश्य: शिकागोचे जुने चित्र. संपूर्ण इमारत स्क्रू-जॅकवर उचलली जात आहे.)

शिकागोची अडचण वेगळीच होती. सरोवराकाठची ती जमीन इतकी सखल आणि सपाट होती की उतार देऊन गटार गाडायला खोलीच मिळत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अभियंता एलिस चेस्ब्रो यांनी सुचवले की गटारे जवळजवळ जमिनीवरच टाकावीत आणि त्यांच्यावर भराव घालून रस्ते वर घ्यावेत. रस्ते वर गेल्यावर इमारतींची दारे खड्ड्यात गेली, म्हणून शेकडो स्क्रू-जॅक लावून विटांच्या इमारतीही उचलण्यात आल्या. एका गटाराच्या उतारासाठी शहराने आपली पातळी बदलली. आज आपल्याला रस्त्याचा एक पट्टा काही रात्री बंद ठेवणेही जड जाते.

(दृश्य: खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा. क्रेनने खाली सोडला जाणारा कटरहेड. त्यानंतर बोगद्याचा आतला भाग.)

रस्ता न फोडता खालून जाण्याची युक्ती अभियंता मार्क ब्रुनेल यांना जहाजाचे लाकूड पोखरणाऱ्या किड्यावरून सुचली, असे सांगितले जाते. हा किडा डोक्याने पोखरत पुढे जातो आणि मागे भोकाच्या भिंतीला कठीण लेप देत जातो. ब्रुनेल यांनी थेम्सखालच्या बोगद्यासाठी लोखंडी चौकटींचे कवच तयार केले. त्याच्या 36 कप्प्यांत प्रत्येकी एक खाणकामगार उभा राहून समोरची माती थोडी थोडी काढत असे आणि मागे गवंडी विटांचे बांधकाम पुढे नेत. 1825 मध्ये सुरू झालेले हे काम नदीचे पाणी आत शिरल्यामुळे अनेकदा थांबले आणि 1843 मध्ये बोगदा खुला झाला. त्याची लांबी अर्धा किलोमीटरही नाही. लागलेला काळ मात्र अठरा वर्षांचा आहे.

समोर दिसणारे बोगदा खोदणारे यंत्र त्याच कवचाचे आजचे रूप आहे. कटरहेड फिरत माती सोलतो आणि ती माती त्याच्यामागच्या बंद कप्प्यात जमा होते. कप्पा मुद्दाम भरलेला ठेवतात, कारण आतल्या मातीचा दाब समोरच्या जमिनीच्या आणि भूजलाच्या दाबाला तोलून धरतो. स्क्रू कन्व्हेअरने माती जेवढी बाहेर काढावी, तेवढेच यंत्र पुढे सरकले पाहिजे. माती जास्त निघाली तर वरची जमीन खचू शकते आणि कमी निघाली तर ती फुगू शकते. यंत्र एका कड्याच्या रुंदीइतके पुढे गेले की काँक्रीटचे वक्र तुकडे, म्हणजे सेगमेंट, एकेक करून बसवून बोगद्याच्या भिंतीचे गोल कडे जुळवतात. शेवटचा सेगमेंट पाचरीसारखा निमुळता असतो आणि तो आत सरकला की कडे घट्ट होते. कड्याच्या आणि मातीच्या मधली पोकळी ग्राउटने, म्हणजे घट्ट होणाऱ्या पातळ मिश्रणाने, भरली जाते. त्यानंतर यंत्राचे जॅक याच नव्या कड्याला रेटा देऊन त्याला पुढे ढकलतात, म्हणजे यंत्र आपल्यामागे स्वतः बांधलेल्या भिंतीला पाय टेकून चालते.

(दृश्य: जुन्या इमारतीच्या भिंतीवर चिकटवलेले छोटे प्रिझम. समोर टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारे उपकरण.)

वर, रस्त्यावर, हालचाल मिलिमीटरमध्ये मोजली जात आहे. भिंतीवरचे हे छोटे प्रिझम पुन्हा पुन्हा मोजले जातात आणि आकडे ठरलेल्या मर्यादेजवळ गेले की खाली बोगद्यात निरोप पोहोचतो. लंडनची पहिली भुयारी रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली, तेव्हा हे काहीच नव्हते. ती उघड्या चरात बांधून वरून झाकलेली होती. उद्घाटनाच्या आदल्या वर्षी, जून 1862 मध्ये, फ्लीट नावाच्या जुन्या नदीचे गटार फुटून त्या चरात शिरले. फ्लीट झाकून बरीच वर्षे झाली होती, तरी पाणी आपल्या वाटेनेच येत होते.

(दृश्य: पहिला जोरदार पाऊस. काँक्रीटच्या रस्त्यावरून जाळीकडे धावणारे पाणी. जाळीत अडकलेला कचरा.)

आता पाऊस. एक हेक्टर जागेवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे 1 लाख लिटर पाणी पडले. ती जागा मोकळी आणि गवताळ असेल, तर त्यातील बराच भाग मुरतो, काही थांबतो आणि थोडाच वाहून जातो. त्याच जागेवर काँक्रीट आणि छपरे आली की दहापैकी साधारण नऊ भाग पाणी वाहू लागते आणि तेही एकाच वेळी जाळीवर येऊन थडकते. पर्जन्यजलवाहिनीचा व्यास ठरवताना पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा हा वाटा, या तिन्हींचा गुणाकार करतात. शहर वाढते तेव्हा पाऊस तेवढाच राहिला, तरी हा तिसरा आकडा वाढत जातो. वाहिनी मात्र जमिनीत जुन्याच व्यासाची असते. 1950 मध्ये जगातील सुमारे 30 टक्के लोक शहरांत राहत होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अंदाजानुसार हे प्रमाण 55 टक्के झाले होते. या वाढीचा मोठा भार आधीच गाडलेल्या वाहिन्यांवर पडला आहे.

(दृश्य: सोलमधील चॉन्गेचॉन. पाण्याकडेच्या दगडांवर बसलेली माणसे. त्यानंतर जुन्या उन्नत रस्त्याचे छायाचित्र.)

ओढे झाकणे हा शहरांचा जुना उद्योग आहे. सोलमधील चॉन्गेचॉन हा ओढा 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून काँक्रीटखाली गेला आणि पुढे त्याच्यावर उन्नत रस्ता उभा राहिला. 2003 मध्ये तो रस्ता पाडण्यास सुरुवात झाली आणि 2005 मध्ये सुमारे 5.8 किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा झाला. त्यातील पाणी बहुतांशी हान नदीतून पंपाने आणले जाते, त्यामुळे मूळ ओढा परत आला असे म्हणणे कठीण आहे. तरीही पावसाच्या पाण्यासाठी शहराच्या मधोमध एक रुंद, मोकळी वाट पुन्हा तयार झाली, आणि तीही मोटारींची वाट काढून टाकून, हे पाहण्यासारखे आहे.

(दृश्य: टोकियोजवळचा भूमिगत जलकक्ष. उंच खांबांच्या रांगा, खाली उभा असलेला एकच माणूस.)

टोकियोच्या उत्तरेला कासुकाबे येथे हाच प्रश्न खोलवर जाऊन सोडवला गेला. 1993 मध्ये सुरू होऊन 2006 मध्ये पूर्ण झालेल्या या व्यवस्थेत लहान नद्यांचे पुराचे पाणी सुमारे 70 मीटर खोलीच्या शाफ्टमध्ये उतरते, 6.3 किलोमीटरच्या बोगद्यातून वाहते आणि या कक्षात येऊन शांत होते. कक्ष 177 मीटर लांब आणि 78 मीटर रुंद आहे आणि त्याचे छत 59 खांबांनी धरलेले आहे. येथून पंप ते पाणी एडो नदीत सोडतात. लंडननेही बाझलजेट यांच्या वाहिन्या पावसात ओसंडू लागल्यावर थेम्सच्या बाजूने 25 किलोमीटरचा नवा बोगदा खोदला आणि 2025 मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. पाऊस आणि मैला एकाच वाहिनीतून नेण्याच्या जुन्या निर्णयाची ही दीडशे वर्षांनंतरची दुरुस्ती होती.

(दृश्य: खोदलेल्या रस्त्याकडेची बंद दुकाने, फळीवरून चर ओलांडणारी शाळकरी मुले, चेंबरच्या तोंडाशी उभा असलेला सफाई कामगार.)

या कामांच्या काळात रस्त्याकडेचा व्यवसाय मंदावतो, घरांच्या दारात चिखल येतो आणि तुंबलेल्या चेंबरमध्ये उतरावे लागलेले सफाई कामगार आजही जीव गमावतात.

(दृश्य: पहाट. चर भरला जात आहे. शेवटच्या चेंबरपाशी पातळी मोजण्याची पट्टी धरलेली मुलगी, समोर सर्वेक्षक.)

चर बुजवण्याआधीचे हे काम जेमतेम दहा मिनिटांचे आहे आणि उशीर झाला की तेच सर्वांत आधी टाळले जाते. चेंबरच्या तळाची पातळी, वाहिनीच्या तळाची पातळी, व्यास, पाइप कशाचा आहे, आणि भिंतीपासूनच्या अंतराऐवजी उपग्रहाच्या आधारे घेतलेले अक्षांश-रेखांश, एवढे आकडे तक्त्यात भरले जातात. रस्ता पुन्हा रुंद झाला, तरी हे आकडे बदलणार नाहीत.

चाचणी खड्ड्यात सापडलेल्या त्या भाजक्या मातीच्या पाइपात रात्री रंगीत पाणी सोडण्यात आले आणि ते दोन चेंबर पलीकडे, पर्जन्यजलवाहिनीत निघाले. पाइप चालू आहे. तोही आता याच तक्त्यात आहे; त्याची खोली, व्यास आणि दिशा लिहून झाली आहे, आणि मालकीचा रकाना रिकामा ठेवून सर्वेक्षक पुढच्या ओळीकडे वळला आहे.